मला मेट म्हणू नका

सोमवार, ६ ऑक्टोबर १९५८. मुलगारा

बर्क गावच्या दवाखान्यात इडानं ही वही आणून दिली. "तापात अखंड बडबडत होतास. आता शुद्धीवर आलास, तर इथे बडबड, म्हणजे माणसांची सुटका होईल," म्हणाली. सख्ख्या बहिणीनं आयुष्यात मला दिलेली ही पहिली उपयोगी वस्तू.

आज आमची टोळी मुलगाऱ्याला पोचली. डार्लिंग नदीकाठचं हे मेंढरांचं रान एवढं मोठं, की मालकालाही आकडा अंदाजानंच सांगावा लागतो. सगळी मेंढरं कातरून होईपर्यंत मुक्काम इथेच. कातरणारे दहा, लोकर उचलणारे आणि गठ्ठे बांधणारे वेगळे, आणि या सगळ्यांच्या पोटाला एकटा मी, आल्बी केरस्लेक.

रिवाजाप्रमाणे पहिल्याच संध्याकाळी मतदान झालं. आमच्यात टोळीचा प्रतिनिधी आणि स्वयंपाकी चिठ्ठ्या टाकून निवडतात. स्वयंपाक्याचा पगार मालक देत नाही, कातरणारे आपसात गोळा करून देतात. त्यामुळे जेवण नाही आवडलं, तर कोणीही पुन्हा मतदान मागावं आणि स्वयंपाक्यानं त्याच दिवशी वळकटी घेऊन टपालाच्या ट्रकची वाट बघत रस्त्यावर बसावं. असे बसलेले मी पाहिलेत. त्यांना पुढे कोणी उभं करत नाही, कारण ते पोचायच्या आधी बातमी पोचलेली असते. माझ्यावर ती वेळ कधी आली नाही. यायला परवडणारही नाही. माझं घर म्हणजे जिथे चूल लावेन ते.

स्नो गिलार्ड प्रतिनिधी झाला, मी स्वयंपाकी. निकाल सांगून स्नो म्हणाला, "म्हणजे अजून एक हंगाम तुझ्या हातचं गिळायचं, विषवाल्या. बरं झालं, मृत्युपत्र करून आलोय." सगळे खिदळले. टायनीनं माझ्या पाठीत असा धपाटा घातला की पळीच हातातून उडाली. टायनी म्हणजे दारातून वाकून येणारा देह, म्हणूनच त्याला टायनी म्हणतात. तांबड्या केसांचा आहे त्याला ब्लूई, म्हणजे निळ्या, म्हणतात. सरळ नाव घेतलं तर या लोकांची जीभ झडेल.

मंगळवार, ७ ऑक्टोबर

पहिल्याच जेवणाला ठिणगी. टोळीत एक नवा माणूस आहे, लेस्टर, न्यूझीलंडचा. मला "मिस्टर केरस्लेक" म्हणतो. मटणाचा रस्सा तोंडात घातला आणि चमचा खाली ठेवून म्हणाला, "जरा खारट झालंय, नाही का?"

स्नोनं मान वर न करता एकच शब्द उच्चारला, "मेट." लेस्टरनं चमचा उचलला आणि खायला लागला.

हा शब्द म्हणजे माझ्या डोक्याला कायमचा ताप. मेट म्हणजे दोस्त, असं शाळेत शिकवतात. नंतर जन्मभर बघतो, तर दोस्त सोडून सगळ्यांना मेट. ज्याचं नाव विसरलो तो मेट. दारात उभा पोलीस मेट. लाथ मारणारं मेंढरू, तेही मेट. दोन माणसं मारामारीला उठतात तेव्हा शेवटचा शब्द "हे बघ, मेट" असतो आणि त्यानंतर दात पडतात. कुत्रं मेलं तर त्याच्या मालकाच्या शेजारी बसून दहा मिनिटांनी "मेट" म्हणतात, झालं सांत्वन. अख्खा देश एका शब्दावर चालवलाय. बाकीच्या शब्दांना काय पैसे पडतात?

तरी आज स्नोनं माझ्या रश्शाची बाजू घेतली हे खरं. खारट म्हणे. त्यात मीठ आहे की नाही असा मलाच संशय येत होता.

शुक्रवार, १० ऑक्टोबर

भांडारावरच्या ओगिल्वीशी भांडलो. त्यानं दिलेलं मीठ निव्वळ खडू आहे. मुठीनं घातलं तरी लागत नाही. मिरपूड म्हणजे लाकडाचा भुसा. चहा तर गरम पाणी, दुप्पट पत्ती टाकतोय तरी. ओगिल्वीनं माझ्यासमोर मिठाचा खडा जिभेवर ठेवला, तोंड वाकडं केलं आणि म्हणाला, "मिठासारखं मीठ आहे की, मेट." मेट. माझं नाव त्याला चांगलं ठाऊक आहे.

दुसरं म्हणजे ही माणसं पाणी किती पितात. कातरणीच्या शेडबाहेर टांगलेली पाण्याची पिशवी मी सकाळपासून तीनदा भरली. उन्हाळा अजून नीट सुरूही झाला नाही. पूर्वीच्या माणसांत ही थेरं नव्हती.

सोमवार, १३ ऑक्टोबर

काल पाऊस पडून गेला. ओली लोकर कातरली तर सांधे धरतात, म्हणून आज सगळ्यांनी दोन दोन मेंढरं कातरून पाहिली आणि मग चिठ्ठ्या टाकल्या, ओली की कोरडी. ओली निघाली. म्हणजे काम बंद. म्हणजे ही दहा तोंडं दिवसभर माझ्या स्वयंपाकघरात.

वाटलं होतं, बसतील, खातील, मला नेहमीसारखं घालूनपाडून बोलतील. तर कसलं काय. ब्लूई आला आणि गरीब गाईसारखा उभा राहून म्हणाला, "आल्बी, मेट, मला जेवायला फक्त उकडलेली अंडी चालतील."

"पोट बिघडलंय का?"

"नाही नाही. आवडतात आपली. सालासकट दे. मीच सोलीन."

त्याच्यामागून आणखी चौघे. एकाला सालासकट बटाटे हवेत, एकाला संत्री. दोघे तर काकवी आणि पाव खाऊन उठले, आणि मी केलेला मनुकांचा केक तसाच. हा केक खायला पूर्वी शेजारच्या शेडमधून माणसं यायची. लेस्टरनं खिशात घातला तुकडा, नंतर कोंबड्यांना घालताना दिसला. कोंबड्यांनीही वास घेऊन सोडला, ही लेस्टरची खोड असणार, काहीतरी लावून ठेवलं असेल.

मी काय अंडी उकडायला जन्मलोय?

गुरुवार, १६ ऑक्टोबर

सर्दी जात नाही. नाक चोंदलेलं नाही, गळत नाही, पण डोकं लाकडासारखं. तापानंतर असं महिनाभर राहतं म्हणतात.

आज सकाळी लापशी तळाला लागली. मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो तरी पत्ता लागला नाही, शेवटी शेडमधून स्नो धावत आला. इतक्या लांबून. "काही जळतंय का बघायला आलो, मेट." मी म्हटलं, तुझं कामात लक्ष कमी दिसतंय. त्यानं पातेलं उतरवून ठेवलं, माझ्याकडे बघत राहिला आणि गेला.

काहीतरी बिनसलंय. हे सगळे माझ्याशी सभ्यपणे वागायला लागलेत. विषवाल्या म्हणून हाक ऐकून आठवडा झाला. चहाला गटाराचं पाणी कोणी म्हणत नाही. पानात वाढलं की "थँक्स, मेट". पानं उचलायला "राहू दे, मेट, आम्ही करतो". परक्याशी बोलावं तसं. मेट पोलिसाला म्हणतात, मला नव्हे.

रविवार, १९ ऑक्टोबर

इडाला पत्र लिहायला बसलो आणि फाडलं. काय लिहिणार, की माणसं माझ्याशी गोड बोलतात, मला घाबरायला होतंय?

मी उत्तर काढलंय. यांना दुसरा स्वयंपाकी आणायचाय. घालवायचं ठरलेल्या माणसाशी लोक असेच मऊ होतात. या सगळ्याच्या मागे लेस्टर आहे. पहिल्या दिवशी खारट म्हणाला तो तोच. वाईट याचं वाटतं की टायनी त्यांना सामील दिसतो. वीस वर्षं एकाच टोळीत, एका तव्याचं खाल्लं. त्याच्या लग्नाचा केक मी केला, ओव्हन नव्हता, मातीत खड्डा खणून. तो दिवसभरात मला इतक्या शिव्या द्यायचा की नवीन माणसं मध्ये पडायची. आता म्हणतो, "मेट, तू बस. मी ढवळतो." आणि मी पाठ वळवली की रश्शात पाणी ओततो. मी डोळ्यांनी पाहिलं. रस्सा पाणचट करून माझं नाव घालवायचं.

बुधवार, २२ ऑक्टोबर

आज मात्र कळस झाला.

कालपासून उत्तरेचा वारा, वाळवंटावरून येणारा, भट्टीच. जाळीच्या खोलीत टांगलेलं मटण मी पहाटे उतरवलं, दुपारच्या रश्शाला लावलं. चांगलं मोठं पातेलं भरून. रंगाला थोडं उतरलं होतं, पण मी जवळ नाक नेऊन हुंगलं, काही नव्हतं. टायनी दारात आला, थांबला. आत येऊन पातेल्यावर वाकला. मग म्हणतो, "जड आहे, मेट, मी नेतो टेबलावर."

पायरीवर त्याचा पाय अडखळला म्हणे. अख्खं पातेलं अंगणात. ज्या पायरीवरून तो गेले कित्येक हंगाम डोळे मिटून चढतोय, त्या पायरीवर. कुत्री धावली तर त्यांनाही दगड मारून हाकललं आणि वर माती लोटली. सगळे बाहेर येऊन उभे. एकही जण हसला नाही. दुसऱ्या कोणाच्या हातून पडलं असतं तर वर्षभर पुरेल एवढी चेष्टा झाली असती.

मी टायनीला नाही नाही ते बोललो. त्याच्या आईपर्यंत गेलो. तो उभा राहून ऐकत होता. शेवटी म्हणाला, "बरोबर आहे, मेट."

त्याच्या थोबाडीत मारावी असं वाटलं. हात पोचला नसता.

संध्याकाळी चहाला लेस्टर उठला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "मी स्वयंपाक्यासाठी मतदान मागतो." स्नोनं त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "शनिवारी, काम संपल्यावर," म्हणाला.

गुरुवार, २३ ऑक्टोबर

उद्या परवा करता करता डोकं फिरायची वेळ आली. वळकटी बांधून पाहिली, सोडली. टपालाचा ट्रक सोमवारी येतो. बर्कला उतरायचं आणि मग? इडाच्या नवऱ्याला मी ओसरीवरही चालत नाही. या वयात दुसरं येतं काय मला?

आज जीव ओतून रांधलं. मीठ हात राखून घालायचं नाही, असं ठरवून घातलं. कमी पडायला नको. मोहरीची पूडही घातली. सगळ्यांनी खाल्लं. ब्लूईच्या डोळ्यांतून पाणी आलं. मी म्हटलं काय झालं, तर म्हणे, "फार छान झालंय, मेट." भावनाप्रधान माणूस.

शनिवार, २५ ऑक्टोबर

जिंकलो.

स्नोनं आपली टोपी फिरवली, चिठ्ठ्या पडल्या, माझ्यासमोर मोजल्या. राहावा, नऊ. जावा, एक.

एक म्हणजे लेस्टर. सरळच आहे. मी त्याच्या पानात मुद्दाम सगळ्यात करपलेला तुकडा वाढला आणि विचारलं, "कसं काय लागतं, न्यूझीलंड?" तो म्हणाला, "ठीक आहे, मिस्टर केरस्लेक." आणि खाल्ला.

निकालावर टाळ्या नाहीत, टोमणे नाहीत. मी म्हटलं, अरे मेलात का सगळे? कोणी हसलं नाही. असा कोरडा विजय मी पाहिला नाही.

रविवार, २६ ऑक्टोबर

हे लिहून ठेवायलाच हवं.

नाश्त्यानंतर मी पावाची कणीक तिंबत होतो. टायनी आत आला, टोपी काढली. एरवी तो झोपतानाही टोपी काढत नाही. पिठाच्या पोत्यावर बसला.

"मेट," म्हणाला. पुढे काहीच नाही.

मी उरलेल्या वाक्याची वाट बघत होतो. आणि मग आठवलं, माझा धाकटा भाऊ नदीत गेला, तेव्हा सार्जंट दारात येऊन उभा राहिला होता. त्यानंही टोपी काढून एवढंच म्हटलं होतं. मी सगळ्या तऱ्हा मोजत बसलो, ही तऱ्हा विसरूनच गेलो होतो. माझे हात कणकेतच थांबले.

"ते एक मत माझं होतं," टायनी म्हणाला.

मला आधी नीट ऐकूच आलं नाही. "तुझं?"

"माझं. लेस्टरनं राहावाची चिठ्ठी टाकली. मतदान मागितलं त्यानंच, निदान त्यानिमित्तानं कोणीतरी तुझ्याशी बोलेल म्हणून. पण चिठ्ठी लिहायची वेळ आली तेव्हा म्हणाला, म्हातारा जाणार कुठे."

"आणि तू?"

"राहावाच्या दहाच्या दहा पडल्या असत्या तर तू छाती काढून हिंडला असतास, आणि जानेवारीपर्यंत आमच्यातल्या एकाला पुरलं असतंस." त्यानं फळीवरून दोन टिनचे मग उतरवले, माझ्याकडे पाठ करून भरले आणि एकेक माझ्या नाकाखाली धरला. "प्यायचं नाही. नुसतं सांग, काय आहे?"

"पाणी," मी म्हटलं. दुसरा धरला. "हेही पाणी. काय पोरखेळ लावलायस?"

तो खिडकीकडे वळून उभा राहिला. तिकडे बघतच म्हणाला, "हा व्हिनेगर आहे, आल्बी. आणि ते रॉकेल."

मी मग हातात घेऊन नाक जवळजवळ आत बुडवलं. काही नाही. थंड हवा फक्त. मग मी उठलो आणि कांदा फोडून हुंगला, मिरपूड हुंगली, मिठाचा खडा तोंडात धरला. दगड चघळल्यासारखं. डोळ्यांना कांदा झोंबला तेवढाच.

"बुधवारचं मटण?" मी विचारलं.

"फाटकापर्यंत घाण येत होती. तू त्यावर वाकून उभा होतास."

मला भीती वाटली. इतकी भीती तापातही वाटली नव्हती. माणसं मारली असती मी. मग भीतीच्या मागून संताप आला, आणि तो जास्त ओळखीचा असल्यामुळे बरं वाटलं.

"तीन आठवडे," मी ओरडलो. "तीन आठवडे मीठ गिळलंत, अंडी उकडवून घेतलीत. तोंडानं सांगायला काय झालं होतं तुम्हाला?"

"सांगितलं की."

"कधी? काय सांगितलंत?"

टायनी गोंधळून माझ्याकडे बघायला लागला. "मेट म्हणत होतो ना तुला. सगळेच. पहिल्या आठवड्यापासून. वीस वर्षांत तुला कोणी मेट म्हटलंय का? आम्हाला वाटलं, कळेल तुला."

मी त्या पोत्याशेजारी खाली बसलो. एवढी मोठी गोष्ट, ती या एका शब्दात घालून माझ्यापुढे ठेवली आणि मी उचलली नाही म्हणून हे वाट बघत बसले. उपाशी. शब्दाला पैसे पडत नाहीत रे बाबांनो, असं म्हणायचं होतं. त्याऐवजी मी रडलो. टायनी माझ्या जागी कणीक तिंबायला लागला, चुकीच्या पद्धतीनं.

दुपारी जेवणाच्या टेबलाशी मी उभा राहिलो आणि सांगून टाकलं. मला वास येत नाही, चव कळत नाही, परत येईल की नाही ठाऊक नाही. कालचं मतदान मी जमेस धरत नाही. पुन्हा चिठ्ठ्या टाका, या वेळी मी काय आहे ते माहीत असताना टाका.

स्नोनं टोपी डोक्यावरून काढली नाही. "मतदान झालंय," म्हणाला. "आम्हाला माहीत होतं. माहीत असतानाच टाकल्या." मग टायनीकडे हात करून म्हणाला, "याला उद्यापासून चव बघायला ठेव. याच्या पोटाला काही होत नाही. आता बस खाली, जेवू दे."

सोमवार, २७ ऑक्टोबर

घंटेच्या आधी टायनी हजर. मिठाची बरणी त्यानं वरच्या फळीवर ठेवली आहे, जिथे माझा हात पोचत नाही. सगळ्या पदार्थांना नाक लावायची त्याची पद्धत म्हणजे म्हैस पाण्यात तोंड घालते तशी. मटण त्यानंच हुंगून पास केलं. बाहेर टपालाचा ट्रक येऊन गेला, मी बघायलाही गेलो नाही.

लापशीचा पहिला चमचा त्यानं तोंडात घातला, बराच वेळ घोळवला, आणि खिडकीतून बाहेर थुंकला. "ही खायची आहे की भिंतीला लिंपायची, थेरड्या? यात मीठ कुठंय?"

"तू फळीवर ठेवलंस," मी म्हटलं.

नाश्त्याला ब्लूईनं चहा पिऊन विचारलं, की यात बूट उकळले आहेत का, आणि असले तर कोणाचे. स्नो म्हणाला, मृत्युपत्रात एक दुरुस्ती करायची राहिली. केकचं पान फिरलं आणि रिकामं परत आलं. लेस्टर सगळ्यात शेवटी उठला, पान माझ्यापुढे ठेवलं, कानापर्यंत लाल झाला आणि घसा खाकरून म्हणाला, "बरं होतं, विषवाल्या." त्याला अजून नीट जमत नाही, पण शिकेल.

दिवसभरात मला एकानंही मेट म्हटलं नाही.